शाळा दाराशी आली, पोरं फडात राहू नयेत



आपला कळमनुरीचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. घरात मराठी, पण कचेरीत आणि वरच्या वर्गांत उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिकवणे उर्दूतूनच. आधी भाषा शिकायची, मग विषय. बहुतेकांनी नांगरच धरला.

त्या काळात हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा चालली. स्वामी रामानंद तीर्थांनी तिथे शिकवले. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने औरंगाबादेत महाविद्यालय काढले. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ झाले, १९७२ साली परभणीला कृषी विद्यापीठ.

आता शाळा गावोगाव आहे. तरी हंगाम लागला की तोडणीवाल्यांची पोरं टोळीबरोबर निघतात आणि शाळा सुटते. आपल्या आज्यांना शाळाच नव्हती. या पोरांना ती असून नाही.

२००९ च्या कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. वर्षाच्या मध्येच आला, दाखला उशिरा मिळाला, म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा आपल्या फडात टोळी उतरली की मुकादमाला एवढं विचारा, पोरं शाळेत जातात का? नसतील तर गुरुजींकडे आपणच घेऊन जा.