जाताना दहा तास, येताना नऊ कसे?

प्रश्न : लेकीकडे लंडनला जायचंय. मुंबईहून जाताना साधारण दहा तास, परतताना मात्र नऊच. अंतर तर तेवढंच ना?

उत्तर : हो, सरळ हवाई अंतर दोन्हीकडून सुमारे ७,२०० किलोमीटरच. फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे ‘जेट स्ट्रीम’ नावाचे जोरदार वारे वाहतात. हिवाळ्यात तर ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी. विमानाचा स्वतःचा वेग तोच. जमिनीच्या हिशेबाने मात्र तो घटतो किंवा वाढतो.

शिवाय विमान नकाशावरच्या सरळ रेषेने जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा अनेक विमानांना वळसा पडला. म्हणून कंपनी कोणती, तेही पाहा.

तिकिटावरच्या वेळा स्थानिक असतात, त्यांची नुसती वजाबाकी करू नका (बहुतेकांचा घोळ इथेच होतो). हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ला निघून संध्याकाळी ६.३०ला उतरलात, तर प्रवास साडेचार नव्हे, दहा तासांचा.