ऑटोमॅटिक गिअरच्या कूलर पाइपांची गळती : स्वस्त काम, महागडे दुर्लक्ष

अमेरिका व कॅनडातील डिझेल पिकअप गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक गिअर फार चालतो. जनरल मोटर्सच्या शेवरोले सिल्वेराडो व जीएमसी सिएरा या जड पिकअपमध्ये २००१ सालापासून ६.६ लिटरचे ड्युरामॅक्स इंजिन आणि अ‍ॅलिसन १००० गिअर बॉक्स आला. या जोडीची एक नेहमीची तक्रार म्हणजे कूलर पाइपांची गळती. भारतातही २०२२ साली टोयोटाची हायलक्स ही डिझेल पिकअप ऑटोमॅटिक गिअरसह आली. म्हणून हे काम आपल्या कारागीर बंधूंनी समजून घ्यावे.

काम कसे चालते? गिअर बॉक्समधला पंप गरम ऑईल एका पाइपने कूलरकडे ढकलतो. थंड झालेले ऑईल दुसऱ्या पाइपने परत येते. पाइप धातूचा असतो, पण इंजिन हलते म्हणून मध्ये रबरी होज असतो. रबर आणि धातू दाबून बसवलेल्या कडीने जोडलेले असतात. उष्णता व थरथर यांनी रबर कडक होते आणि नेमके तिथेच ऑईल पाझरते.

ऑईल कमी झाले की पंप हवा ओढतो, ऑईलला फेस येतो, दाब पडतो आणि क्लच प्लेटी घसरून जळतात. मग पाइपाच्या खर्चाऐवजी पूर्ण गिअर बॉक्स उघडावा लागतो. गळलेले ऑईल तापलेल्या सायलेन्सर पाइपावर पडले तर आगीचाही धोका असतो.

आधी गळती नक्की करावी. ऑटोमॅटिक गिअरचे ऑईल बहुधा लाल असते. पण काही गाड्यांत पॉवर स्टिअरिंगचे ऑईलही लालच असते. खालचा भाग धुऊन कोरडा करावा, इंजिन चालवावे आणि सर्वांत वरची ओली जागा शोधावी. ऑईल गुलाबी व दुधाळ दिसले तर रेडिएटरमधला कूलर फुटून पाणी मिसळले आहे. तिथे नुसता पाइप बदलून भागणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवावा :

१. गाडी सपाट जागी थंड होऊ द्यावी. चाकांना अडण लावावी आणि मजबूत स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये.

२. जोड उघडण्यापूर्वी पुसावेत. कणभर माती आत गेली तरी वाल्व अडकतो. खाली भांडे ठेवावे.

३. क्लिपचा जोड असेल तर प्लास्टिकची टोपी सरकवून तारेची क्लिप काढावी. नटाचा जोड असेल तर दोन पाने वापरावेत, एक धरायला आणि एक फिरवायला. नाहीतर रेडिएटरचा जोड पिळून तुटतो.

४. नवा पाइप जुन्याशेजारी ठेवून वळणे व लांबी ताडून पाहावी. ओ-रिंग व क्लिपा नव्याच घालाव्यात. ओ-रिंगला तेच ऑईल लावावे.

५. पाइप 'टक' आवाज येईपर्यंत दाबावा, मग ओढून पाहावा. तो सायलेन्सर, स्टिअरिंग रॉड किंवा चासीला घासता कामा नये. मूळ पट्ट्या पुन्हा बसवाव्यात.

६. कंपनीने सांगितलेलेच ऑईल भरावे. अ‍ॅलिसनसाठी डेक्सरॉन-६ चालते. २००५ साली आलेले हे ऑईल जुन्या डेक्सरॉन-३ ची जागा घेते. सर्व गिअर क्रमाने टाकून पाहावेत. पुस्तिकेप्रमाणे ऑईल गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवूनच पातळी मोजावी. गाडी फिरवून आणल्यावर जोड पुन्हा तपासावेत.

गळका होज कापून साधा पेट्रोलचा होज व पट्टी लावण्याचा मोह टाळावा. गरम ऑईलने असा होज फुगतो आणि भर रस्त्यात निसटतो. गिऱ्हाइकाला पाइप, क्लिपा, ऑईल व मजुरी यांचा हिशेब आधीच वेगवेगळा सांगावा आणि जुना पाइप त्याच्या हाती द्यावा. डोळ्यांनी गळती पाहिलेले गिऱ्हाईक मजुरीवरून वाद घालत नाही, आणि पुढच्या वेळी दुसऱ्यालाही घेऊन येते.