आधी थांबायला शिका

सुरतेत लिंबायत, उधना, दिंडोली, पांडेसरा या भागांत आपल्या खान्देशी माणसांची वस्ती मोठी. पोरगं लूमवर, मिलमध्ये नाहीतर मार्केटात कामाला लागलं की घरातली पहिली मोठी खरेदी बहुधा मोटरसायकलचीच असते, तीही हप्त्यावर. गाडी दारात येते, नारळ फुटतो, हँडलला हार पडतो आणि थोड्याच दिवसांत पोरगं रिंग रोडच्या गर्दीतून सफाईनं वाट काढायला लागतं. घरचे म्हणतात, गाडी शिकला. मला हे ऐकून काळजी वाटते. त्याला गाडी पळवता येते, एवढंच तोवर दिसलेलं असतं. अचानक थांबवायची वेळ आली तर त्याचे हात काय करतील, हे कुणी पाहिलेलं नसतं. त्यानंही नाही. पालच्या आरटीओत लायसन्ससाठी नागमोडी ट्रॅकवर गाडी चालवावी लागते, पाय टेकला की नापास. तिथे तोल पाहतात, आणि तोल हवाच. पण जीव वाचतो तो ब्रेकवरच्या हातामुळे, हे मी स्वतः भोगून सांगतो आहे.

माझ्या हनुवटीखाली एक बारीक आडवी खूण आहे, मांज्याची. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच्या दिवसांत संध्याकाळी मी एका उड्डाणपुलावरून उतरत होतो. मागे कापडाचा गठ्ठा बांधलेला, म्हणून वेग तिशीच्या आसपास. मांजा दिसला नाही. तो दिसत नसतोच. गळ्याला काहीतरी टोचलं आणि लगेच आग झाली. अशा वेळी हात गळ्याकडे धावू पाहतो. माझे हात मात्र सवयीनं ब्रेकवरच राहिले. दोन्ही ब्रेक धरले, मान आपोआप खाली गेली, गाडी सरळ रेषेत थांबली. मफलर फाटला होता, कातडी चिरली होती. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, वेग आणखी असता तर जखम इथवर थांबली नसती.

यामागचं कारण नव्या चालकानं नीट समजून घ्यावं. मांजा कुठेतरी खांबाला, झाडाला किंवा पतंगाला अडकून ताणलेला असतो आणि कापण्याचं बळ येतं ते आपल्याच वेगातून. गाडी जितकी पुढे जाईल तितका तो आत जातो. उजव्या हातानं तो ओढायला गेलात तर बोटं कापतात आणि पुढचा ब्रेकही सुटतो, कारण तो त्याच हातात असतो. म्हणून दोर जाणवला की हनुवटी छातीशी, दोन्ही ब्रेक, हँडल सरळ. हात गळ्याकडे न्यायचा तो गाडी थांबल्यावर.

जानेवारीत सुरतेच्या चौकाचौकांत हँडलला लावायची तारेची कमान विकायला येते. ती जरूर लावा. हनुवटी झाकणारं पूर्ण हेल्मेट घाला आणि गळ्याभोवती जाड कापड गुंडाळा. 14 आणि 15 जानेवारीला पोलीस आयुक्तांच्या जाहीरनाम्यानं शहरातल्या बहुतेक उड्डाणपुलांवर दुचाकींना बंदी असते. पूल छपरांच्या उंचीवर येतो, म्हणून तिथे धोका जास्त. लांबच्या रस्त्यानं दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो, विकला जातो, आणि सण संपला तरी तारांवर, झाडांवर लोंबत राहतो. त्यामुळे कमान 16 तारखेलाच काढून टाकू नका.

आता ब्रेकविषयी. सायकलवर शिकलेल्या पोरांच्या मनात पुढच्या ब्रेकची भीती बसलेली असते, म्हणून ती फक्त पायाचा ब्रेक दाबतात. पण ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे येतो. मागचं चाक हलकं होऊन घसरतं, आणि पकड असते ती पुढच्या चाकाला. थांबवण्याचं मोठं काम पुढचाच ब्रेक करतो. मात्र तो झटक्यानं ओढायचा नसतो. लिंबू पिळावं तसा दाब वाढवत न्यायचा. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. त्याखालच्या गाड्यांना एबीएस किंवा सीबीएस यांपैकी एक सक्तीचं झालं. सीबीएस म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. सीबीएसमध्ये चाक लॉक होण्यापासून वाचवणारं काही नाही. आपल्या वस्तीत शंभर-सव्वाशे सीसीच्याच गाड्या जास्त, आणि जुन्या गाड्यांना तर दोन्हींपैकी काहीच नसतं. तिथे चाक लॉक होऊ न देण्याचं काम चालकाच्या बोटांचं.

हे शिकायला मोकळा, कोरडा प्लॉट आणि रविवारची सकाळ पुरते. हेल्मेट घालून, ताशी वीसपासून सुरुवात करा. नजर लांबवर, लिव्हरकडे नाही. दोन्ही ब्रेक एकत्र, दाब वाढवत. गाडी थांबत आली की क्लच. चाक घसरतंय असं वाटलं की दाब किंचित सोडा आणि पुन्हा घ्या. हात न विचारता हे करायला लागले की वेग थोडा वाढवा. मग मागे ओळखीचा माणूस बसवून पहिल्यापासून सगळं पुन्हा करा, कारण वजन वाढलं की गाडी वेगळी वागते.

वेगाचा हिशोबही डोक्यात पक्का हवा. रस्ता कोरडा, टायर आणि ब्रेक ठीक, आणि चालकाला भानावर यायला एक सेकंद धरला तर ताशी 30 ला गाडी साधारण 15 मीटरमध्ये थांबते. ताशी 60 ला तेच अंतर 45 मीटरच्या घरात जातं. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. ओल्या रस्त्यावर याहून जास्त. पहिल्या पावसात तेल आणि धूळ मिळून रस्ता निसरडा होतो. मेट्रोच्या कामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटा भिजल्या की त्यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. वेग आधीच कमी करून सरळ पार व्हायचं.

सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते गावाकडच्या वाटेबद्दल. दिवाळीला, आखाजीला, लग्नसराईत सुरतेहून धुळ्याकडे निघणाऱ्या मोटरसायकलींची रांग लागते: कडोदरा, बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, मग कोंडाईबारीचा घाट आणि साक्री. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. लूमवरची पाळी बारा तासांची. रात्रपाळी सुटली की पोरं तशीच गाडीवर बसतात, कारण सुट्टीचा एक दिवसही वाया घालवायचा नसतो. घरची ओढ मी जाणतो. पण ताशी 60 च्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी 50 मीटर चालकाशिवाय जाते. तिथे ब्रेकचा सराव काही कामाचा नाही. झोप चहानं टळत नाही, तोंडावर पाणी मारूनही नाही. आधी चार-पाच तास झोपा, मग निघा. भाच्याचा मला फोन आला होता, "मामा, सोनगढला डोळे जड झाले." मी सांगितलं, कुठल्या तरी हॉटेलच्या बाकावर आडवा हो, मी घरी कळवतो. संध्याकाळी पोचला, आईची बोलणी खाल्ली.

उसाच्या हंगामात बारडोलीकडे रात्री आणखी एक संकट असतं. उसानं भरलेली ट्रॉली, मागे दिवा नाही, कधी पंक्चर होऊन रस्त्यातच उभी. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात ती दिसतच नाही. नियम एकच: आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. त्याहून जास्त वेग रात्री ठेवायचा नाही. जमलं तर रात्रीचा प्रवासच टाळा. घाटात वेग वळणाच्या आधी कमी करायचा. गाडी कलल्यावर ब्रेक दाबला तर चाक निसटतं.

मागे बायको साडीत, एका बाजूला पाय टाकून बसणार असेल तर पदर आणि निऱ्या आधी नीट खोवून घ्यायला सांगा. मागच्या चाकाचा साडीगार्ड आणि धरायची कडी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या 123 व्या नियमात आहेत. दिसायला बरं नाही म्हणून पोरं गार्ड काढून टाकतात, आणि साडी चाकात गुंतून बाई खाली ओढली जाते. साड्यांच्या सुरतेत तरी हे सांगावं लागू नये. चार वर्षांखालचं मूल असेल तर ताशी 40 ची मर्यादा, लहान हेल्मेट आणि चालकाला बांधायचा पट्टा हे नियमातच आहे.

हेल्मेटबाबत आपल्याकडे ढिलाई फार झाली. डिसेंबर 2019 मध्ये राज्य सरकारनं शहरी हद्दीत सूट दिली होती, ती सवय अजून जात नाही. फेब्रुवारी 2025 पासून सुरत पोलिसांनी सक्ती केली तेव्हा चौकात दंडाची चर्चा जास्त झाली. आयएसआय खुणेचं हेल्मेट घ्या आणि पट्टा हनुवटीखाली बांधा. न बांधलेलं हेल्मेट पडताना डोक्याआधी निघून जातं.

आणि वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला तर गाडी बाजूला घेऊन थांबा. पोलिसांच्या भानगडीची भीती नको. मोटार वाहन कायद्याच्या 134 अ कलमानं मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. 108 हा रुग्णवाहिकेचा नंबर नवापूरच्या अलीकडे आणि पलीकडे, गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही राज्यांत चालतो. जखमीला बसवू नका, पाणी पाजू नका, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. फोनवर जवळच्या गावाचं नाव, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि गाडी कोणत्या बाजूच्या रस्त्यावर आहे ते सांगा.