जुन्या इंजिनाचा धूर आणि ऑइलचा खर्च : इंजिन खोलण्यापूर्वीची तपासणी

शेतीकामावरील जुने इंजिन धूर ओकू लागले व त्यात वरचेवर ऑइल घालावे लागू लागले, म्हणजे "इंजिन कामाला आले" असा निर्णय बहुधा तत्काळ दिला जातो. मग हेड उतरते, रिंगा व लायनर बदलले जातात आणि ऐन पाण्याच्या पाळीच्या वेळी इंजिन आठ-पंधरा दिवस मिस्त्रीच्या दारी पडून राहते. दुरुस्तीचा खर्च तर होतोच. परंतु गव्हाची एक पाळी चुकली तर ते नुकसान कोणत्याही बिलात लिहिलेले नसते. कित्येकदा एवढे करूनही धूर पूर्वीसारखाच राहतो, कारण मूळ दोष रिंगांत नसतोच. तेव्हा पान्याला हात घालण्यापूर्वी धुराचा रंग, तो निघण्याची वेळ आणि ऑइलचा खरा खर्च या तीन गोष्टी मालकाने स्वतः पाहून ठेवाव्यात.

प्रस्तुत विवेचन साध्या यांत्रिक फ्युएल पंपाच्या इंजिनांविषयी आहे, म्हणजे जुने ट्रॅक्टर आणि नदीकाठी पंपावर चालणारी एका सिलिंडरची डिझेल इंजिने यांविषयी. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक नियम लागू झाले असून त्यांपैकी अनेकांत कॉमन रेल पद्धतीची यंत्रणा असते. तीमधील डिझेलचा दाब अतिशय मोठा असल्याने अशा इंजिनाचा एकही पाइप घरी सैल करू नये.

काळ्या धुराने मनुष्य सर्वांत अधिक घाबरतो; वास्तविक इंजिन न खोलता सुटणारा दोष बहुधा तोच असतो. काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेले डिझेल. सिलिंडरमध्ये जेवढे डिझेल जाते तेवढे जाळण्यास हवा पुरत नाही किंवा डिझेलचा फवारा बारीक उडत नाही, असा त्याचा अर्थ होतो. नांगर खोल लागला असता जुना ट्रॅक्टर क्षणभर काळवंडतो, त्याची चिंता नको. धूर सतत येत असेल तर प्रथम भार कमी करून पाहावा, नंतर एअर क्लीनर उघडावा, आणि शेवटी नोझल तपासणीसाठी द्यावे. क्रम हाच ठेवावा, कारण पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही. एका शेतकऱ्याने काळ्या धुरासाठी रिंगा बदलून घेतल्या, तरी धूर हटला नाही. पावसाळाभर इंजिन बंद असताना कुंभारीण माशीने हवेच्या पाइपात मातीचे घर बांधले होते. ते काढताच धूर गेला.

पांढऱ्या धुराचे दोन प्रकार असतात व ते वासावरून ओळखता येतात. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर हा न जळालेल्या डिझेलची वाफ होय. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे तो निघणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तो टिकला तर नोझल ठिबकत आहे, पंपाचे टायमिंग मागे पडले आहे किंवा कॉम्प्रेशन कमी झाले आहे असे समजावे. दुसरा प्रकार पाण्याच्या वाफेचा. त्यात डिझेलचा वास नसतो, पण रेडिएटरचे पाणी रोज उतरते आणि इंजिन चालू असता पाण्यात बुडबुडे येतात. अशा वेळी ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. हेड गॅस्केट गेले असेल किंवा हेड अगर लायनर तडकला असेल. असे इंजिन एक तासही चालवू नये, कारण पाणीमिश्रित ऑइलाने बेअरिंगे खराब होतात आणि लहान दुरुस्ती मोठी होते.

आता निळा धूर. निळा धूर म्हणजे जळणारे ऑइल, याविषयी मतभेद नाही. मात्र ते ऑइल सिलिंडरमध्ये कोणत्या वाटेने आले हे ठरविल्याशिवाय रिंगांना दोष देऊ नये. रात्रभर उभे राहिलेले इंजिन सकाळी सुरू करताच निळ्या धुराचा लोट काढते व थोड्याच वेळात स्वच्छ होते, तेव्हा ऑइल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून झिरपलेले असते. भार पडला की धूर वाढतो आणि दिवसभर टिकतो, तेव्हा रिंगा व लायनर यांचा संशय बळावतो. जुन्या पेट्रोल जीपगाडीत आणखी एक खूण मिळते. घाट उतरताना पाय उचललेला असतो; खाली येऊन पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच मागे निळा लोट दिसला, तर गाइड झिजले आहेत असे समजावे. डिझेल इंजिनास ही खूण लावू नये. त्याच्या हवेच्या वाटेवर तशी झडप नसल्याने तेथे तेवढी ओढ निर्माण होत नाही.

रिंगांची खात्री करण्यास ब्रीदर पाहावा. इंजिन तापवून भारावर चालवावे व ब्रीदरमधून धापा टाकल्याप्रमाणे धूर येतो काय ते पाहावे. यासच मिस्त्री "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. पण ब्रीदरची नळीच चोंदली असेल तर चेंबरमध्ये दाब साठतो आणि नव्या इंजिनातूनही ऑइल बाहेर पडते; म्हणून नळी आधी साफ करावी. एका सिलिंडरच्या इंजिनात याहून चांगली परीक्षा हाताने करता येते. डिझेल पूर्ण बंद करून, डीकॉम्प्रेशनचा खटका न उचलता, फ्लायव्हील हळूहळू दाबावर आणावे. चांगले इंजिन स्प्रिंगप्रमाणे हात मागे ढकलते. झिजलेल्या इंजिनातून फुसकारा ऐकू येतो, आणि तो कोठून येतो यातच उत्तर असते : ब्रीदरमधून आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या पाइपातून आला तर इनलेट व्हॉल्व्ह.

निळ्या धुराची दोन कारणे निव्वळ हलगर्जीपणाची आहेत. चेंबरमध्ये खुणेच्या वर ऑइल भरणे हे एक, आणि ऑइलच्या एअर क्लीनरच्या वाटीत खुणेहून अधिक ऑइल ओतणे हे दुसरे. दुसऱ्यात जिवाला धोका आहे. वाटीतील ऑइल हवेबरोबर ओढले गेले तर इंजिन त्यावरच पळू लागते, वेग आवरत नाही व डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. अशा वेळी हवेच्या तोंडावर सपाट फळी घट्ट दाबून हवा तोडावी. हात किंवा फडके लावू नये. ते आत ओढले जाण्याचा संभव असतो.

आता ऑइलचा हिशेब. "रोज ऑइल पिते" हे वर्णन मिस्त्रीच्या काहीच उपयोगाचे नाही. इंजिन सपाट जागी बंद करून पंधरा मिनिटे थांबावे, पट्टी पुसून खूण पाहावी आणि वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरावे. त्यानंतर जेवढे ऑइल घालाल ते मापाने घालावे आणि त्याच वहीत डिझेलही लिहावे. जुन्या ट्रॅक्टरचा तासांचा मीटर पुष्कळदा बंद असतो, म्हणून डिझेलशी तुलना करणे अधिक भरवशाचे. पाच अश्वशक्तीचे पंपाचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे एक लिटर डिझेल घेते, म्हणजे शंभर तासांचा हिशेब शंभर लिटरला जुळतो. कामापुरता ठोकताळा असा की, शंभर लिटर डिझेलमागे अर्धा लिटर ऑइल गेले तर जुन्या इंजिनास ते शोभते. एक लिटरच्या पुढे गेले तर कारण शोधावे. आणि दोन लिटरला पोहोचले व गळती कोठेच नसेल, तर इंजिन खोलण्यास उशीर करू नये. निर्मात्याच्या पुस्तिकेत मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण मानावी.

गळती पाहण्यास रात्री इंजिनाखाली जुना पुठ्ठा पसरावा. याच्या उलट, ऑइल मुळीच कमी होत नाही किंवा पातळी वाढते, यात आनंद मानू नये. फीड पंपाच्या फाटलेल्या पडद्यातून डिझेल चेंबरमध्ये उतरत असेल तर पातळी चढते, ऑइल पातळ होते आणि पट्टीला डिझेलचा वास येतो. जाड ऑइल घालून धूर दडविण्याचा सल्लाही काही जण देतात. गिअरचे ऑइल इंजिनात मिसळणे हा त्यातलाच प्रकार. त्याने खरेदार फसेल, इंजिन फसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ दिवस अत्यंत हलक्या भारावर किंवा नुसत्या आयडलवर चाललेल्या इंजिनाच्या लायनरला आतून काचेसारखी चकाकी येते. मग रिंगा नीट बसत नाहीत, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी ओले काळे ओघळ दिसतात. असे इंजिन काही तास चांगल्या भारावर चालवून मगच परीक्षा करावी.

एवढे करूनही रिंगा-लायनर झिजले असेच ठरले, तर ते कशाने झिजले हे विचारल्यावाचून नवे बसवू नयेत. आपल्याकडे उत्तर बहुधा धूळ हेच असते. कोरड्या वावरातील नांगरट व मळणीचे भूस यांत इंजिन श्वास घेते. एअर क्लीनर स्वच्छ असला तरी त्याच्यापुढील रबरी होज चिरलेला किंवा पट्टा सैल असेल, तर धूळ क्लीनरला वळसा घालून थेट सिलिंडरमध्ये जाते. होज काढून आतून बोट फिरवावे. बोटाला खरखरीत धूळ लागली तर झिजेचे कारण सापडले. तो होज न बदलता बसविलेल्या रिंगा फार दिवस टिकणार नाहीत. मिस्त्रीकडे जाताना वहीबरोबर तो जुना होजही न्यावा व बदलण्याच्या सामानात त्याचे नाव पहिले लिहावे.