जपानी गाण्यांच्या भेंड्या कशा खेळायच्या?

प्रश्न : आम्ही पुण्यात जपानी भाषा शिकणारे काही जण वर्षअखेरीला एकत्र जमतो. खाणं, गप्पा आणि शेवटी गाण्यांच्या भेंड्या, असा कार्यक्रम असतो. यंदा भेंड्या जपानी गाण्यांच्या खेळायच्या आणि कराओके लावून ती गाणी म्हणायचीसुद्धा, असं ठरवलं आहे. जपानमध्ये असा खेळ आहे का? त्याचे नियम काय? आणि आमच्यासारख्या शिकाऊ मंडळींना झेपतील अशी गाणी कोणती?
— एक वाचक, पुणे

उत्तर : खेळ आहे, आणि जपानी घरात लहानाचा मोठा झालेला प्रत्येक जण तो खेळलेला असतो. त्याचं नाव शिरितोरि. एकाने एक नाम सांगायचं, त्याच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारं नाम पुढच्याने सांगायचं. एकदा आलेला शब्द पुन्हा चालत नाही. शब्दांऐवजी गाण्यांची नावं घेतली की झाल्या जपानी भेंड्या. आपल्याकडे मुखडा गाऊन जिथे थांबतो ते अक्षर पुढच्याला मिळतं. तिकडे बहुधा गाण्याचं शीर्षक धरतात. तुमच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण अख्खं गाणं पाठ नसलं तरी नाव माहीत असलं की खेळता येतं.

हा खेळ जपानीत इतका सहज बसतो याचं कारण तिची अक्षरं. हिरागाना लिपीत मूळ अक्षरं 46. त्यांतलं जवळपास प्रत्येक अक्षर म्हणजे नुसता स्वर किंवा व्यंजन अधिक स्वर. त्यामुळे कोणताही शब्द संपला की पुढच्यासाठी अक्षर तयारच असतं. अपवाद फक्त एक : ん, म्हणजे अर्धा न. या अक्षराने जपानी शब्द सुरू होत नाही. म्हणून ज्याचा शब्द ‘न्’वर संपला तो बाद, हा शिरितोरिचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम. आपल्याकडे ‘ण’ किंवा ‘ळ’ आला की ‘न’ आणि ‘ल’ घेऊन पुढे जातात. जपानीत ही सवलत नाही. कसलेले खेळाडू चाड देशाच्या राजधानीचं नाव काढतात, कारण एन्जामेना जपानीत लिहिताना ‘न्’पासून सुरू होतं. गाण्यांच्या खेळात ही पळवाट कामाला येत नाही.

शिकणाऱ्यांची पहिली फसगत इथेच होते. आपण जपानी गाणी शिकतो ती बालगीतांपासून, आणि बालगीतांत प्राण्यांना, मुलांना मायेने हाक मारताना सान, कुन, चान लावतात. हे तिन्ही प्रत्यय ‘न्’वरच संपतात. हत्तीवरचं ‘झो-सान’, कुत्र्याच्या रूपातल्या पोलिसाचं ‘इनु नो ओमावारि-सान’, ‘साच्चान’ ही गाणी गोड आहेत, पण भेंड्यांत म्हटली की डाव गेला. 1975च्या डिसेंबरात आलेलं ‘ओयोगे! ताइयाकि-कुन’ हे जपानमध्ये सर्वाधिक विकलं गेलेलं सिंगल. त्याच्या 45 लाखांहून अधिक प्रती खपल्या. तेही ‘कुन’वर संपतं. योनेझु केन्शिचं 2018चं ‘लेमन’ तरुणांच्या ओठांवर असतं, तेही बाद. ही गाणी कराओकेसाठी राखून ठेवा, भेंड्यांत काढू नका.

दुसरं अवघड अक्षर म्हणजे ‘रु’. मूळच्या जपानी शब्दांच्या सुरुवातीला र येत नसे; रा, रि, रु, रे, रो यांनी सुरू होणारे बहुतेक शब्द चिनीतून किंवा पाश्चात्त्य भाषांतून आले. उलट ‘रु’वर संपणारे शब्द मात्र ढिगाने. म्हणून मुरलेला खेळाडू प्रतिस्पर्ध्यावर सारखा ‘रु’ टाकत राहतो. त्यावर उतारा असलेलं एक तरी गाणं प्रत्येकाने तयार ठेवावं. खालच्या साखळीत ते आहे.

ही साखळी तुमच्या बैठकीसाठी रचली आहे. प्रत्येक गाणं जपानमध्ये घरोघरी माहीत असलेलं आहे.

1. त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि (1977). इशिकावा सायुरि यांचं एन्का, म्हणजे विरहाच्या, प्रवासाच्या गाण्यांचा प्रकार. होन्शू आणि होक्काइदो या बेटांमधल्या त्सुगारु सामुद्रधुनीचा हिवाळा त्यात आहे. ज्या फेरीबोटीने त्यातली बाई निघते, ती आओमोरि–हाकोदाते फेरी 1988मध्ये समुद्राखालून बोगदा सुरू झाल्यावर बंद झाली. शेवट ‘कि’.
2. कितागुनि नो हारु (1977). सेन मासाओ यांचं उत्तरेकडच्या वसंताचं गाणं. शेवट ‘रु’. इथे भलेभले अडतात.
3. रुबी नो युबिवा (1981). हाच तो उतारा. तेराओ आकिरा यांनी स्वतः चाल बांधून गायलेल्या या गाण्याला त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. शेवट ‘वा’.
4. वाताशि नो जोकामाचि (1971). कोयानागि रुमिको यांचं पहिलं गाणं. किल्ल्याभोवती वसलेल्या जुन्या गावाचं. शेवट ‘चि’.
5. चिइसाइ आकि मित्सुकेता (1955). नाकादा योशिनाओ यांच्या चालीतलं शरदाचं बालगीत. शेवट ‘ता’.
6. तानाबाता-सामा (1941). तारकांच्या सणाचं गाणं. या सणाला बांबूच्या फांद्यांवर इच्छा लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या बांधतात. शेवट ‘मा’.
7. माक्का ना ताइयो (1967). मिसोरा हिबारि यांचं ठेक्याचं गाणं. उच्चारात शेवटी लांब ‘ओ’ ऐकू येतो, पण लिहिताना शेवटचं अक्षर ‘उ’.
8. उए ओ मुइते आरुको (1961). साकामोतो क्यु यांचं हे गाणं 1963मध्ये ‘सुकियाकि’ या नावाने अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तिथवर गेलेलं ते पहिलं जपानी गाणं. शेवट पुन्हा ‘उ’.
9. उरेशिइ हिनामात्सुरि. 3 मार्चच्या बाहुल्यांच्या सणाचं गाणं. शेवट ‘रि’.
10. रिंगो नो उता. 1945च्या ‘सोयोकाझे’ या चित्रपटात नामिकि मिचिको यांनी गायलेलं, युद्धानंतरच्या जपानचं पहिलं मोठं लोकप्रिय गाणं. शेवट ‘ता’.

यातली पाचवी, नववी आणि दहावी ही तिन्ही गाणी एकाच कवीची, सातो हाचिरो यांची. शेवटचा ‘ता’ही ध्यानात ठेवा. ‘नो उता’, म्हणजे ‘चं गाणं’, असं शेवटी असलेली जपानी शीर्षकं पुष्कळ आहेत, त्यामुळे ‘ता’ वारंवार अंगावर येतो. ‘ताकेदा नो कोमोरिउता’ ही अंगाई ‘ता’ने सुरू होऊन ‘ता’वरच संपते. हाती आलेलं अक्षर तसंच पुढच्याच्या गळ्यात घालायला ती फार उपयोगी.

साखळीची गोडी जपानमध्ये जुनी आहे. एदो काळाच्या उत्तरार्धात मुलांच्या तोंडी ‘बोतान नि काराजिशि’ हे शिरितोरीचं गाणं होतं. त्यात फुलावरून सिंहाकडे, बांबूवरून वाघाकडे जातात. मग वाघावरून वातोनाइ या वीराचं नाव येतं, आणि पुढची कडी त्याच्या नावाच्या शेवटापासून सुरू होते. हा वातोनाइ चिकामात्सु मोन्झाएमोन यांच्या 1715च्या ‘कोकुसेन्या कास्सेन’ या बाहुलीनाट्याचा नायक; बांबूच्या वनात वाघाला नमवण्याचा त्याचा प्रसंग गाजलेला. रंगमंचावरची गोष्ट गल्लीतल्या पोरांच्या खेळात उतरली ती अशी.

आता कराओकेकडे. तोक्योत नेगिशि शिगेइचि यांनी 1967मध्ये कराओकेचं यंत्र बनवलं होतं. कोबे शहरातले वादक इनोउए दाइसुके यांनी 1971मध्ये आठ ट्रॅकची टेप, मायक्रोफोन आणि नाणी टाकायची पेटी एकत्र आणून यंत्रं तयार केली आणि बारना भाड्याने दिली. पेटंट त्यांनी घेतलं नाही. मित्रमंडळींनी स्वतंत्र खोली घेऊन गाण्याची पद्धत 1980च्या दशकात ओकायामात मालवाहतुकीच्या कंटेनरमधून सुरू झाली. पुणेकरांना ओकायामा परकं नाही; सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे.

पूर्वी कराओकेच्या खोलीत गाण्यांची जाडजूड वही असे आणि त्यात शीर्षकं अक्षरक्रमाने लावलेली असत. आज तीच यादी टॅब्लेटवर असते. ‘रु’ दाबला की ‘रु’ची सगळी गाणी समोर. यातून खेळाची सगळी मजा जाऊ शकते. म्हणून नियम करा : शीर्षक आधी तोंडाने सांगायचं, मगच शोधायचं. एरवी जो तो आपलं हुकमी गाणंच म्हणतो. साखळीत मात्र अक्षर नेईल ते गाणं म्हणावं लागतं, आणि आजीच्या काळातलं बालगीत, वडिलांचं एन्का आणि तरुणांचं पॉप एकाच ओळीत येतात. मला हा खेळ आवडतो तो यासाठी.

खेळापूर्वी चार गोष्टी ठरवून घ्या.

लांब स्वराची आडवी रेघ शेवटी आली तर काय? ‘कोही’ला (म्हणजे कॉफीला) ‘हि’ द्यायचा की ‘इ’? दोन्ही पद्धती चालतात, एक निवडा.

‘बा’वर संपलं तर ‘हा’ चालेल का? नवशिक्यांना चालू द्या. मग ‘ओकुरु कोतोबा’ या निरोपाच्या गाण्यानंतर ‘हारु नो ओगावा’ हे 1912चं शाळेतलं गीत घेता येईल.

‘शा’सारखं जोडाक्षर आलं तर? पूर्ण ‘शा’ घ्या किंवा नुसता ‘या’ घ्या, पण सगळ्यांना एकच नियम.

इंग्रजी नावाचं गाणं असेल तर? ते काताकानात जसं लिहितात ते धरा. उतादा हिकारु यांचं ‘फर्स्ट लव्ह’ तिथे ‘बु’वर संपतं.

गाताना फक्त पहिलं कडवं म्हणा, नाहीतर दहा गाण्यांतच संध्याकाळ संपेल. ‘तानाबाता-सामा’ आणि ‘चिइसाइ आकि मित्सुकेता’ यांपासून सुरुवात करा. दोन्ही संथ आहेत आणि सुरांची उडी मोठी नाही. ‘तानाबाता-सामा’त तर साधारण एका स्वराला एक अक्षर बसतं, म्हणून उच्चार आपोआप स्वच्छ होतात. ‘उए ओ मुइते आरुको’ त्यानंतर घ्या. त्यात शिट्टी वाजवायची जागा आहे, तिथे सगळ्यांनी साथ द्यावी. त्सुगारुचं एन्का शेवटी, कारण त्यातल्या कोबुशि नावाच्या गळ्यातल्या हरकती सरावाशिवाय येत नाहीत. पडद्यावर अवघड कांजींच्या डोक्यावर त्यांचा उच्चार बारीक हिरागानात दिलेला असतो आणि गायचं अक्षर रंग बदलत जातं. वाचनाचा याहून चांगला सराव वर्गात क्वचितच मिळतो.

पहिल्या बैठकीत ‘न्’वर संपलेल्याला लगेच बाद करू नका; त्याआधीचं अक्षर घेऊन डाव चालू ठेवा. पुढच्या वर्षी मात्र पूर्ण नियमाने खेळा. तुमची साखळी किती गाण्यांपर्यंत गेली आणि कोणत्या अक्षरावर अडली, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.