संगणक अडखळतोय? आधी ‘इंटरप्ट’ तपासा



इंदापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेतला जुना संगणक मागच्या सत्रात फारच अडखळायला लागला. माऊस हलवला तरी पडद्यावरचा बाण थोड्या वेळानं हलायचा. बारामतीत एका दुकानात विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, भंगारात घाला.” पण चौथीच्या मुलांना तोच एक संगणक. म्हणून मीच शोधायला बसले.

इंटरप्ट म्हणजे काय?

समजा, मी फळ्यावर गणित सोडवतेय. दर मिनिटाला प्रत्येक मुलापाशी जाऊन “तुला काही विचारायचंय का?” असं करत बसले तर गणित पुरं होईल का? त्यापेक्षा ज्याला अडचण आहे त्यानं हात वर करायचा. मी खडू थांबवते, त्याचं ऐकते, “हात खाली घे” म्हणते आणि राहिलेल्या पायरीपासून पुढं जाते.

संगणकात प्रोसेसर म्हणजे बाई. कीबोर्ड, माऊस, नेटवर्क कार्ड ही मुलं. वर केलेला हात म्हणजे हार्डवेअर इंटरप्ट. आणि कोणत्या मुलाचं कसं ऐकायचं हे सांगणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

बिघाड कुठं होतो?

१) हात खालीच येत नाही. ड्रायव्हरनं उपकरणाला “ऐकलं” अशी पोच दिली नाही किंवा उपकरणच खराब असेल, तर इंटरप्ट येतच राहतात. प्रोसेसर त्यातच अडकतो.

२) एका ओळीवर दोघं. जुन्या पीसीत इंटरप्टच्या ० ते १५ अशा १६च ओळी होत्या, कीबोर्डची ओळ १. दोन कार्डांना एकच ओळ दिली की भांडण ठरलेलं. नंतरच्या पीसीआय कार्डांना ओळ वाटून घेता येते, पण प्रत्येक ड्रायव्हरनं “हा हात माझ्याच उपकरणाचा का?” हे तपासावं लागतं.

३) कुणीच दखल घेत नाही. एका ओळीवरच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० पेक्षा जास्त बेवारस निघाले, तर लिनक्स ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश देऊन ती ओळच बंद करतं. मग त्या ओळीवरचं चांगलं उपकरणही गप्प होतं.

शोधायचं कसं?

• विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘सिस्टिम इंटरप्ट्स’ ही नोंद बघा. संगणक रिकामा असताना ती एक-दोन टक्क्यांच्या आत हवी. आमच्याकडे तीसच्या पुढं होती!
• बाहेरची उपकरणं एकेक करून काढा. दर वेळी आकडा बघा. एकदम सगळी काढली तर दोषी कळणार नाही.
• आकडा तसाच राहिला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसते का बघा. त्या उपकरणाचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून नवीन घ्या. बिघाड नव्या ड्रायव्हरनंतरच सुरू झाला असेल, तर जुन्यावर परत या.
• लिनक्समध्ये ‘प्रॉक’ फोल्डरातली ‘इंटरप्ट्स’ फाइल दोनदा उघडा. कोणत्या ओळीचा आकडा धावतोय ते दिसतं.

आमचा चोर निघाला एक यूएसबी हब. तो काढला आणि आकडा खाली आला. संगणक अजून चालू आहे.

हा पाठ वर्गात खेळासारखा घ्या. एक मूल प्रोसेसर, बाकीचे उपकरणं. आणि एखादं मूल सारखा हात वर करत असेल, तर रागावण्याआधी एवढंच बघा, त्याला आपण पोच दिली होती का?