विसंगतीचा आरोप करण्यापूर्वी

सातारा

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

कॉलेजातल्या वादसभेसाठी लिहिलेले तुझे भाषण सांगलीहून पोचले. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते, आणि तरीही प्रथम पत्नी निवर्तल्यावर १८७३ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्यांनी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या ११ वर्षांच्या कन्येशी विवाह केला. सबब त्यांचा विचारच विसंगत, म्हणून त्याज्य, असा निवाडा देऊन तू मोकळा झाला आहेस. हकीकत खरी आहे. निवाडा अपिलात टिकणार नाही.

जी दोन विधाने एकाच वेळी, एकाच अर्थाने खरी असूच शकत नाहीत, तीच परस्परविसंगत. तुझ्याच भाषणात देवराष्ट्रे एकदा सातारा जिल्ह्यात येते, एकदा सांगली जिल्ह्यात. एखादा परीक्षक तिथे लाल रेघ ओढील, परंतु १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले, हे ध्यानात घेऊन काळ स्पष्ट केलास की दोन्ही वाक्ये सुखाने शेजारी नांदतील. आता पाहा: ‘विधवाविवाह न्याय्य आहे’ आणि ‘मी विधवेशी विवाह केला नाही’ या वाक्यांत विरोध कोठे आहे? रानड्यांपाशी उणे पडले ते धैर्य, तर्क नव्हे. तो दोष मी झाकणार नाही, कारण आपल्या सातारकडच्याच विष्णुशास्त्री पंडितांनी प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवेशी विवाह करून दाखविला. परंतु वक्त्याच्या दुबळेपणाने सिद्धान्त खोटा ठरत असेल, तर दारुड्याने केलेली दारूची निंदाही खोटी मानावी लागेल! चारचौघांच्या गप्पांत ढोंग, लहर, मतांतर, सगळ्यांवर ‘विसंगत’ हा शिक्का सरसकट बसतो. वादसभेत तो चालू देऊ नकोस. रानड्यांवर फिर्याद करायचीच तर भीरुतेची कर, आणि ती कठोरपणे कर.

त्या मुलीला रानड्यांनीच लिहावयास-वाचावयास शिकविले, आणि त्याच रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, हे तुझ्या भाषणात कोठेच नाही. त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आधी वाच, मग तेवढा परिच्छेद नव्याने लिहून मजकडे धाड.

दादा-वहिनींस नमस्कार.

तुझा,
काका